रुमालाखाली ठरलेली दाढ

माणसाला बत्तीस दात मिळतात ते फुकट मिळतात, आणि जी वस्तू फुकट मिळाली तिच्या दुरुस्तीवर पैसे घालणं हे कोणत्याही शहाण्या समाजात उधळपट्टीतच मोडतं. आमच्या हुमनाबाद-चिटगुप्पा भागात हा विचार पूर्वापार चालत आलेला आहे. (बत्तीस हा आकडाही मंजूर पदांचा आहे. प्रत्यक्ष हजर किती, हे कोणी मोजत नाही.) मी स्वतः चिटगुप्प्याच्या तालुका कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. कचेरीत चौतीस वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली. कोणतंही प्रकरण पुरेसा काळ प्रलंबित ठेवलं की ते आपोआप निकाली निघतं. अर्जदार थकतो, किंवा जमीन विकली जाते, किंवा दोन्ही पक्षांपैकी एक पक्ष वारतो. हे तत्त्व दातांनाही लागू पडतं. ते किती यशस्वीपणे लागू पडतं हे कळावं, म्हणून हळ्ळीखेडचे राघोबा यांच्या उजवीकडच्या खालच्या दाढेचा वृत्तांत सादर करत आहे.

राघोबा माझे शेजारी. वय एकसष्ट. धंदा बैलांच्या खरेदी-विक्रीचा. बैलाचा खालचा ओठ ओढून दात बघायचे आणि वय सांगायचं, यात त्यांचा हात धरणारा चार तालुक्यांत नाही. अदात, दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आलेला तो जुळलेला : एका नजरेत निकाल. चाळीस वर्षांत त्यांनी हजारो तोंडं बघितली आणि बघण्याचा एक पैसाही कधी घेतला नाही. पैसे घेतले ते सौदा झाल्यावर. त्यामुळे नुसतं तोंड बघून दोनशे रुपये घेणारी जी जमात आहे, तिच्याविषयी त्यांचं मत पहिल्यापासून स्वच्छ होतं.

दुसरी नोंद अशी, की राघोबांना जोंधळ्याची कडक भाकरी लागते. पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकणारी. ती शेंगाच्या चटणीशी खाताना जो आवाज होतो, तो आमच्या घरापर्यंत येतो. सकाळी साडेनऊला तो आवाज आला की मी घड्याळ न बघता आंघोळीला उठतो. वीस वर्षांत राघोबा पाच मिनिटंही मागेपुढे झाले नव्हते.

प्रकरणाची सुरुवात मोफत दंततपासणी शिबिरापासून झाली. हुमनाबादला डॉक्टर विभा यांनी नवा दवाखाना टाकला होता आणि त्यांनी आमच्या शाळेत शिबिर ठेवलं. हजेरी दोनशे चौदा, टूथपेस्टच्या नळ्या दोनशे. (ज्या चौदा जणांना नळी मिळाली नाही, त्यांनी आपली तपासणी झालीच नाही असं समजून घरी जाणं पसंत केलं.) राघोबांना नळी मिळाली आणि सोबत एक चिठ्ठीही मिळाली. दाढेत काळा ठिपका आहे, सिमेंट भरून घ्यावं, खर्च आठशे.

"दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग कामून भरू?" राघोबांनी मला विचारलं.

मी चिठ्ठी उलटसुलट बघितली. तक्रार नाही, अर्ज नाही, तर कार्यवाही कशाच्या आधारे करणार? मी तसं सांगितलं. चिठ्ठी त्यांनी खिशात घातली आणि पुढे तिच्यात तंबाखू बांधली.

चार महिन्यांनी दाढ ठणकली. अशा वेळी आमच्याकडे डॉक्टरकडे जाण्याची घाई करत नाहीत, आधी हॉटेलापुढच्या बाकावर विषय मांडतात. या बाकाची तज्ज्ञता मोठी आहे. मी एकदा मोजदाद केली होती : बाकावर नियमित बसणारे अकरा जण, त्यांच्या तोंडात मिळून शिल्लक दात एकशे सत्त्याण्णव, दातांच्या डॉक्टरकडे गेलेले दोन, आणि दातांवर सल्ला देण्यास पात्र अकराच्या अकरा. राघोबांचे भागीदार सिद्धलिंगप्पा यांना तर स्वतःचे फक्त पाच दात आहेत. त्यामुळे त्यांचा अनुभव सर्वांत दांडगा मानला जातो.

"बैलाला वरचे म्होरचे दात देवानंच दिले न्हाईत," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "खायचा ऱ्हायलाय का बैल? नांगर वढायलाय की! आन् तुमाला एका दाढंचं लागलंय."

हा युक्तिवाद बाकाने मंजूर केला. उपाय सुरू झाले. लवंग झाली. तुरटीच्या पाण्याच्या चुळा झाल्या. पेरूचा पाला, तंबाखूची गोळी, मग कुणीतरी सांगितलं म्हणून पेट्रोलचा बोळा. (त्यानंतर दोन दिवस राघोबांना बिडी ओढायला मनाई होती.) शेवटी औषधाच्या दुकानातली लाल गोळी लागू पडली. चार रुपयांना एक, सकाळ-संध्याकाळ. चार महिन्यांत नऊशे साठ रुपये झाले. म्हणजे सिमेंटपेक्षा एकशे साठ जास्त, पण ते चार-चार रुपयांनी गेल्यामुळे त्यांना खर्च म्हणता येत नाही. खर्च एकरकमी जातो तोच.

या काळात साडेनऊचा आवाज बंद पडला. सुशीलाबाई, म्हणजे राघोबांच्या घरच्या, कडक भाकरी ताकात भिजवून, कुस्करून वाटीत देऊ लागल्या. ती वाटी घेऊन राघोबा भिंतीकडे तोंड करून बसत. मी दोन-तीनदा कुंपणावरून बघितलं आणि मला वाईट वाटलं. हे मी इथे नोंदवून ठेवतो, कारण वाटलं तरी त्याबाबत मी काहीही केलं नाही, आणि नोंद असणं महत्त्वाचं असतं.

काही केलं ते त्यांच्या मुलीने. शिवकन्या कलबुर्गीला शाळेत शिकवते. सुटीत आली, बापाची वाटी बघितली, आणि परत गेल्यावर पगारातून दहा हजार रुपये फोनवरून पाठवून दिले. वर निरोप : "अप्पा, दाढ करून घ्या. मला तुमचं असं खाणं बघवंना."

आता प्रश्न दाढेचा राहिला नाही, मुलीच्या पैशाचा झाला. राघोबांनी मला बोलावून सांगितलं, "अंकुशराव, लेकीचा पैसा हाय. तिनं वर्गात घसा फोडून मिळवलेला. एक रुपाया जास्त जाऊ द्यायचा न्हाई. जेवडं वाचंल तेवडं तिला परत." ते बोलताना त्यांनी गाल धरला होता. मुलीचा पैसा वाचवणारा बाप मी कचेरीत फार बघितलेला नाही, मुलीच्या नावची जमीन वाचवून स्वतःच्या नावावर करणारे मात्र पुष्कळ बघितले. मी त्यांच्याबरोबर हुमनाबादला गेलो.

दवाखाना बसस्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर. दाढ दुखणाऱ्याने जिने चढून यावं, म्हणजे दुखणं खरं आहे याची खातरी पटते. आत गारवा होता, माशांची पेटी होती आणि भिंतीवर एक बाई इतके पांढरे दात दाखवून हसत होती की तिला बिल दाखवलेलं नाही हे उघड दिसत होतं. एक खुर्ची होती. ती आडवी होते, उभी होते, वर जाते, खाली येते. मी कंपाउंडरला किंमत विचारली. ऐकून मला आमच्या तालुका कचेरीतल्या सगळ्या खुर्च्या, त्यांवर बसणाऱ्यांसकट, आठवल्या आणि तरी रक्कम भरली नाही. अशा खुर्चीत बसवून थोडक्या पैशांत सोडतील, ही अपेक्षा मला तेव्हाही धाडसाची वाटली होती.

डॉक्टर विभा तोंडाने गोड आहेत. आमच्या गावच्या गुंडेराव मास्तरांची मुलगी, त्यामुळे बोलणं आमच्याच मातीतलं.

"काका, कधीपासून दुखायलंय?"

"दुखत न्हाई. जरा कळ मारायली."

त्यांनी फोटो काढला आणि पडद्यावर राघोबांची दाढ हातभर मोठी करून दाखवली. राघोबा खुर्चीतून अर्धे उठून बघत राहिले. चाळीस वर्षांत दुसऱ्यांचे दात बघितलेल्या माणसाने स्वतःचा पहिल्यांदाच बघितला. "जुळलेला हाय," ते पुटपुटले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली आहे. रूट कॅनल करावं लागेल, चार हजार. वर टोपी बसवावी लागेल. टोपी तीन प्रकारची : धातूची दोन हजार, चिनी मातीची साडेचार, आणि तिसरी कशाची ते नाव मला लिहिता आलं नाही, नऊ हजार. तिसरीला पंधरा वर्षांची हमी.

"पंधरा?" राघोबांनी हिशेब केला. "मी मधीच गेलो तर ऱ्हायलेल्या वर्साला लेकीच्या तोंडात बसती का?"

डॉक्टर हसल्या. राघोबा हसले नाहीत. हमी असलेल्या वस्तूच्या अटी विचारणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

आणि आता प्रकरणाचा मुख्य भाग. आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. चार लोकांत आकडा फुटला की धंदा फुटतो. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबतात. जितकी बोटं धरली तितका भाव. शेकडा की हजार हे दोघांनाही मालाकडे बघून ठाऊक असतं. मग जोरात हात दाबला की सौदा पक्का. त्यानंतर घेणाऱ्याने विसार, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम, द्यायचा. विसार दिलेला बैल विकणाऱ्याच्या दावणीला महिनोन्महिने राहिला तरी दुसऱ्याला जात नाही आणि भावही बदलत नाही. या पद्धतीत कागद लागत नाही, वकील लागत नाही, आणि माझ्या माहितीत आमच्या कचेरीपर्यंत असा एकही वाद आलेला नाही.

बाहेर सहा-सात पेशंट बसलेले. दार अर्धं उघडं. राघोबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि तो हात डॉक्टरांपुढे केला.

डॉक्टर विभा दातांच्या कॉलेजात पाच वर्षं शिकल्या, पण बैलबाजार त्यांना अभ्यासक्रमात नव्हता. खुर्चीत बसलेला एकसष्ट वर्षांचा माणूस हात पुढे करतो आहे, तर घाबरला असेल, असं त्यांना वाटलं. राघोबांनी रुमालाखाली त्यांची तीन बोटं धरली. डॉक्टरांनी त्यांचा अख्खा पंजा आपल्या हातात घेतला आणि प्रेमाने घट्ट दाबला.

"भिऊ नका काका. मी हाय की."

राघोबांनी डोळे मिटले. पाची बोटं. पाचशे. वर घट्ट दाबून पक्कं.

त्यांनी तीनशे काढले होते, तिने पाचशेवर तोडलं. एक शब्द न बोलता. परत येताना बसमध्ये ते मला म्हणाले, "मास्तरची पोरगी लई हुशार हाय, अंकुशराव. असल्या बाया बाजारात आल्या तर आमाला घरी बसावं लागंल."

निघताना त्यांनी टेबलावर एकशे एक रुपये विसार ठेवला. समोरच्या पोरीने पावती फाडली : आगाऊ जमा, एकशे एक, सही, शिक्का. ती पावती मी स्वतः तपासली. तपासणीचा अधिकार मला नव्हता, पण सवय होती. रक्कम अंकी आणि अक्षरी जुळत होती. एकूण किती, हा रकाना कोरा होता, पण आमच्या कचेरीतल्या पावत्यांवरही तो कोराच असायचा. मी पावती कायदेशीर ठरवली. बाकावर मी शपथेवर सांगितलं की सौदा पाचशेत झालेला आहे. बाकाने राघोबांचा जयजयकार केला.

आता सौदा झालाच होता, तर घाई कशाची? डॉक्टरांनी चार दिवसांनी बोलावलं होतं. राघोबा गेले नाहीत. त्यांची कारणं मी तारखेनुसार ठेवली आहेत. आधी तुरीची रास. मग सिद्धलिंगप्पांच्या घरचं लग्न, तिथे तोंडात कापूस घेऊन बसणं बरं दिसलं नसतं. मग एक जत्रा. मग बाजार तेजीत. मग बाजार पडला. मग दुखायचं थांबलं. हे शेवटचं कारण सर्वांत भक्कम होतं, कारण नस मेल्यावर दाढ दुखत नाही हे बाकावरच्या अकरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही ते बरं झाल्याचं लक्षण धरलं आणि राघोबांनी सगळ्यांना चहा पाजला.

दवाखान्यातून फोन येत. "काका, कधी यायलाव? पुढं अवघड होईल बघा."

"डॉक्टर बाई, माल तुमच्याच दावणीचा हाय. विसार दिलाय न्हवं? दुसरीकडं जायलाव का आमी?"

सहा महिन्यांनी एका सकाळी सुशीलाबाई कुंपणाशी आल्या. "भावजी, जरा यांना बगा की वो. तोंड उघडंना झालंय." राघोबांचा गाल कानापर्यंत सुजला होता आणि एक डोळा अर्धा झाकला होता. अंगात ताप. मी हबकलो. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत प्रलंबित प्रकरण असं अंगावर आलेलं मी बघितलं नव्हतं.

पुन्हा तोच जिना, तोच फोटो. या वेळी डॉक्टर हसल्या नाहीत. दाढ मधोमध चिरली होती आणि खालच्या हाडापर्यंत पू गेला होता.

"काका, आता ही वाचत न्हाई. सहा महिन्यांमागं आला असता तर मी वाचवली असती. आता काढायचीच." त्यांच्या आवाजात राग होता आणि तो खरा होता.

राघोबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून बोटं चोळली. मी विचारलं, "काढायला किती, मॅडम?"

"पाचशे."

राघोबांचा झाकलेला डोळासुद्धा उघडला. त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली, आणि सुजल्या तोंडातून जो आवाज काढला त्याचा अर्थ मला नंतर कळला. ते म्हणाले होते, "बगितलाव का, पाचशातच बसवलं!" आगाऊ जमा एकशे एक वजा झाले, उरलेले तीनशे नव्व्याण्णव मी मोजून दिले. सूज उतरायला आधी गोळ्या, मग पाचव्या दिवशी दाढ काढली. ठरल्या भावात एक रुपयाचाही फरक पडला नाही. माझी पावती खरी ठरली याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. आज ते लिहायला लाज वाटते, पण वाटला.

साडेनऊ हजार रुपये शिवकन्याला परत गेले. (गोळ्यांचा खर्च राघोबांनी स्वतःच्या खिशातून केला, म्हणून तो धरलेला नाही.) ती रविवारी कलबुर्गीहून आली. राघोबा ओट्यावर बसले होते. तिच्यापुढे त्यांनी सौद्याची सगळी हकीकत सांगितली. रुमाल, बोटं, पावती. सांगताना ते हसले आणि त्यांची रिकामी जागा दिसली.

शिवकन्या खाली बसली. तिने पदर डोळ्यांना लावला. "अप्पा, मी दाढ वाचवायला पैसे दिले व्हते," ती म्हणाली. "पैसे वाचवायला न्हाई."

राघोबांनी तोंडावर रुमाल धरला. सुशीलाबाई आत गेल्या आणि ताकाची वाटी घेऊन आल्या. मी तिथून उठलो. मला काम होतं असं मी सांगितलं, ते नव्हतं.

बाकावर मात्र हे प्रकरण यशाचं म्हणून नोंदलं गेलं. साडेआठ हजारांचं काम पाचशेत. बाकावरचे दोघे तर हा भाव ऐकून आपली दाढ काढून आले. त्यांतल्या एकाची चांगली होती.

मागच्या बाजारात एकाने राघोबांपुढे खिलारी खोंड उभा केला. चारदाती, अंगाने देखणा. राघोबांनी ओठ ओढला. पुढचा एक दात तुटलेला. त्यांनी रुमालाखाली हात घातला आणि एका झटक्यात आठ हजार उतरवले.

"एका दातापायी आठ हजार?" मालक रडकुंडीला आला.

"दात म्हंजे खेळ वाटायलाय का तुला?" राघोबा म्हणाले. सिद्धलिंगप्पांनी आपल्या पाचही दातांनी मान्यता दिली.

इथे वृत्तांत संपतो. नियमानुसार तो वाचणाऱ्यांचे अभिप्राय मागवायला हवेत, पण मी ते मागवत नाही, कारण आपला अभिप्राय मला ठाऊक आहे. अडाणी माणसं, असं आपण मनात म्हणालात. आपण शिकलेले. आपण डॉक्टरपुढे रुमाल धरणार नाही. आपल्याला फोनवर दवाखान्याचा नंबर सापडतो, कोणत्या गावात किती घेतात याचे आकडे आपल्याकडे असतात, आणि यंदा नक्की जायचं हेही आपण ठरवलेलं आहे. फक्त वाचायला बसताना घेतलेला चहा मघापासून तसाच कपात आहे. निवू द्यायचा होता म्हणता. बरं. निवला असेल आता. घ्या, आणि कोणत्या गालाकडून घ्यायचा ते मी सांगायला नको.